कोजागिरीला अख्खं घराणं डोंगरात: तीस माणसांचे दोन दिवस कसे जमवावेत

पहिल्या वर्षी आम्ही घर निवडलं ते फोटो बघून. तलाव समोर, गच्चीत झोपाळा, आणखी काय पाहिजे? तिथे पोचल्यावर कळलं की गाडी उभी करायची जागा आणि घराचं दार यांच्यामध्ये अडतीस पायऱ्या आहेत. आजीला दोन नातवांनी खुर्चीत बसवून वर नेलं आणि त्यानंतर दोन दिवस ती खाली उतरली नाही. आम्ही तलावावर गेलो, देवळात गेलो, चुलीवरचं जेवलो. आजीने खिडकीतून तलाव पाहिला आणि परतीच्या वाटेवर म्हणाली, "जागा छान होती हो, मी घरीच असते तरी चाललं असतं."

त्यानंतर आणखी तीन वेळा हा उद्योग केला. चारही वेळा भंडारदऱ्यातच. माणसं सव्वीस ते एकतीस, वयं नऊ महिन्यांपासून चौऱ्याऐंशी वर्षांपर्यंत. दरवर्षी नवीन चुका केल्या, पण जुनी एकही परत केली नाही. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे. तुमचं घराणं आंबोलीला किंवा महाबळेश्वरला जाणार असेल तरी रस्ते सोडले तर बाकी सगळं तसंच लागू होईल.

तारीख: दसरा ते वसुबारस

मराठी घरात शरदातली तारीख ठरवणं म्हणजे पंचांग, शाळेचं वेळापत्रक आणि पाऊस या तिघांची मनधरणी. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे पितृपंधरवड्यात, जुनी माणसं मौजेला बाहेर पडत नाहीत. नवरात्रात ज्यांच्याकडे घट बसतात आणि अखंड दिवा असतो, त्यांना घर सोडता येत नाही. दिवाळीच्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात आणि प्रत्येक सुनेला माहेरी जायचं असतं, जायलाच हवं. मग उरतो दसरा ते वसुबारस एवढाच काळ, जेमतेम अडीच आठवडे. त्यात शनिवार-रविवार दोन, फार तर तीन. त्यातलाही एक मुलांच्या सहामाही परीक्षेत जातो. म्हणून प्रत्येक घराकडून "कुठली तारीख चालेल?" असं विचारत बसू नका. उत्तरं तीस येतात. दोन तारखा द्या, "यातली कुठली अजिबात नको" एवढंच विचारा आणि रविवार रात्रीपर्यंत उत्तर आलं नाही तर होकार समजा.

या काळाचा मोठा फायदा म्हणजे कोजागिरी. आश्विनातली पौर्णिमा शनिवारीच येईल असं नाही, पण तिच्या जवळचा शनिवार चालतो. त्यात एक बारकावा आहे. पौर्णिमेच्या आधीचा शनिवार नंतरच्यापेक्षा बरा. पौर्णिमेच्या आधी चंद्र सूर्य मावळायच्या आतच उगवलेला असतो, त्यामुळे आठ-साडेआठला तो चांगला वर येतो आणि लहान मुलं जागी असतानाच दुधात त्याचं प्रतिबिंब पाडता येतं. पौर्णिमेनंतर तो रोज उशिरा उगवतो, त्यात पूर्वेला डोंगर असेल तर आणखी उशीर. एका वर्षी आम्ही पौर्णिमेनंतरचा शनिवार घेतला होता. चंद्र डोंगराआडून वर येईपर्यंत सगळी चिल्लीपिल्ली झोपून गेली होती आणि निम्मे आजोबाही.

पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो, पण जाता जाता संध्याकाळी गडगडून एखादा तडाखा देतो. दूध अंगणात आटवायचं ठरवलं असेल तर छपराखालची दुसरी जागाही हेरून ठेवा.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. एवढ्या मोठ्या घराण्यात ऐनवेळी सुतक येऊ शकतं. तारीख पुढे ढकलायची वेळ आली तर आगाऊ रकमेचं काय, हे घर ठरवतानाच विचारून घ्या.

जागा: आधी ओसरी बघा, तलाव नंतर

भंडारदरा आम्हाला सोयीचं पडलं कारण मुंबई, नाशिक, पुणे आणि संगमनेर या चारही ठिकाणी विखुरलेली माणसं तिथे अर्ध्या दिवसात पोचतात. गावाचं नाव खरं शेंडी. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 साली पुरं झालं. त्यामागचा पसरलेला जलाशय म्हणजे आर्थर लेक, 11 टीएमसीचा. पावसाळ्यानंतर तो काठोकाठ असतो. उतारावरची भातखाचरं पिवळी पडायला लागलेली असतात, सोनकीची पिवळी रानफुलं ओसरत आलेली असतात आणि ओढ्यांना अजून पाणी असतं. तलावाकाठी एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, शेंडीत आणि आसपासच्या गावांत घरगुती निवास आणि तंबूवाले भरपूर आहेत.

पण घर निवडताना फोटोतला तलाव विसरा. तळमजल्यावर अशी एक जागा आहे का जिथे तीसही जण एकाच वेळी टेकू शकतील, हे विचारा. ओसरी, पडवी, मोठा व्हरांडा, काहीही चालेल. तीस माणसं पंधरा खोल्यांत वाटली गेली की ते संमेलन राहत नाही, लॉज होतं. आमच्या तिसऱ्या वर्षीच्या घराला तलाव दिसतच नव्हता, पण समोर ऐसपैस पडवी होती. सकाळी सहाला पहिला चहा घेऊन मोठे काका तिथे बसले ते रात्री अकराला उठले. मधल्या काळात घरातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्याशेजारी बसून गेलं. तेवढ्यासाठीच तर जायचं असतं.

फोनवर यजमानांना विचारायचे प्रश्न असे. गाडी दारापर्यंत येते का? येत नसेल तर पायऱ्या नेमक्या किती? ("थोड्या आहेत" हे उत्तर स्वीकारू नका.) तळमजल्यावर झोपायच्या खोल्या किती आणि त्यांना लागून कमोडचा संडास आहे का? पलंग आहेत की जमिनीवर गाद्या? गुडघेदुखीवाल्यांना जमिनीवरून उठता येत नाही आणि पाळण्यातल्या बाळाला मात्र जमिनीवरचीच गादी हवी. अंगण किंवा गच्चीला कठडा आहे का? वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो? झोपेत श्वासाचं यंत्र लावणारं कुणी असेल तर हा प्रश्न पहिला. गरम पाणी सोलरचं, गिझरचं की बंबाचं? आणि न्हाणीघरं किती? याचं गणित करून बघा. तीस माणसं, चार न्हाणीघरं, प्रत्येकी पंधरा मिनिटं म्हणजे जवळजवळ दोन तास. म्हणून निम्म्यांनी आदल्या संध्याकाळीच आंघोळी उरकायच्या हा नियम आम्ही केला आहे. कुरकुर होते, पण चालतो.

जमलं तर एखाद्याने महिनाभर आधी जाऊन घर बघून यावं. जाणाऱ्याने तिथल्या उताराकडे सत्तरीच्या माणसाच्या गुडघ्यांनी बघावं.

पैसे

या विषयावर दोन भाऊ अबोला धरू शकतात, म्हणून पहिल्याच दिवशी लिहून मोकळं व्हा.

"प्रत्येक कुटुंबाने इतके" ही पद्धत दिसायला सोपी, पण अन्यायाची. दोघांच्या घराला आणि सहा जणांच्या घराला सारखाच भार पडतो. आम्ही वाटे मोजतो. कमावता माणूस एक वाटा. पाच ते बारा वर्षांचं मूल अर्धा. त्याखालची मुलं आणि पंचाहत्तरीवरची माणसं शून्य. बारावरची शिकणारी मुलं घरच्यांच्या खात्यावर पूर्ण वाटा. समजा, एकोणतीस जण आहेत: पूर्ण वाट्याचे अठरा, अर्ध्या वाट्याची चार मुलं, तीन तान्ही, चार ज्येष्ठ. वाटे झाले वीस. एकूण खर्च ऐंशी हजार आला तर वाटा चार हजारांचा. हिशेब कुणालाही बोटांवर करता येतो, त्यामुळे भांडायला जागा राहत नाही. ज्येष्ठांना फुकट म्हटलेलं आवडत नाही, हेही लक्षात ठेवा. आमचे आजोबा "मी काय भिकारी आहे?" म्हणाले होते. तेव्हापासून दुधाचा आणि सुक्यामेव्याचा खर्च त्यांच्याकडे.

अर्धी रक्कम तारीख ठरल्यावर, उरलेली निघायच्या आठवडाभर आधी. पैसे एकाच माणसाच्या खात्यात जावेत आणि खर्चाची वही दुसऱ्याच माणसाकडे असावी. ज्याची नोकरी गेली आहे किंवा ज्याच्या घरात आजारपण आहे, त्याचा वाटा एखाद्याने परस्पर भरून टाकावा, वहीत नाव न घालता.

प्रवास

मुंबई-ठाण्याकडच्यांना 2025च्या जूनपासून एक सोय झाली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टळला. वळणांवर ज्यांना मळमळतं त्यांच्यासाठी हे वरदानच. दुचाकीला मात्र तिथे मनाई आहे, त्यामुळे बुलेटवर यायचं स्वप्न बघणाऱ्या भाच्याला जुना रस्ता दाखवा. इगतपुरीहून घोटी आणि तिथून कोल्हार-घोटी रस्त्याने बारीवरून शेंडी. पुण्याहून नाशिक महामार्गाने संगमनेर, मग अकोले, राजूर, शेंडी. नकाशा याहून जवळचे रस्ते दाखवतो. दिवसा आणि तरण्या ड्रायव्हरबरोबर ते ठीक आहेत, आजी गाडीत असेल तर नकोत.

गाडीत फार वेळ बसवत नाही अशा ज्येष्ठांना रेल्वेने इगतपुरीपर्यंत आणून पुढे जीप करणं हा चांगला पर्याय आहे. रेल्वेत पाय मोकळे करता येतात आणि संडास असतो. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलात तर तिची पहिली पायरी फार उंच असते हे ध्यानात ठेवा. एक मजबूत प्लॅस्टिकचं स्टूल बरोबर घ्या. चार वर्षांत जर कुठली वस्तू सगळ्यात जास्त उपयोगी पडली असेल तर ते स्टूल. चढताना, उतरताना, न्हाणीत बसायला, देवळाबाहेर चपला घालायला.

पुढची जागा उलटी होणाऱ्यांना द्या, मग ते पाच वर्षांचं का असेना. मोठ्यांचा मान पुढच्या सीटवर अवलंबून नाही. आवळासुपारी, लिंबू आणि कागदी पिशव्या हाताशी असू द्यात, डिकीत नकोत. पेट्रोल आणि रोख पैसे घोटीला किंवा राजूरलाच घेऊन टाका. पुढे रतनवाडीकडे गेलात की मोबाइलची रेंज येते-जाते आणि स्कॅन करून पैसे द्यायचं सगळं तंत्र कोलमडतं.

सगळ्या गाड्या एकत्र निघायचा अट्टहास करू नका. आम्ही तो केला, घोटीला एकमेकांची वाट बघण्यात दीड तास गेला आणि तेवढ्यात दोन गाड्यांमधली माणसं मिसळपाव खाऊन आली. तिसऱ्या गाडीतल्यांना ते अजून आठवतं.

स्वयंपाक: सुनांना सुट्टी

एवढं सगळं जमवून शेवटी चार बायका अनोळखी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत बसणार असतील, तर घरीच राहिलेलं बरं. आमच्या पहिल्या वर्षीच्या फोटोंत माझी बायको आणि दोन वहिन्या कुठेच नाहीत. कारण विचारायची गरज नाही.

स्वयंपाक गावातल्या मावशींकडे द्या. तो बऱ्याच घरगुती निवासांत मिळतो आणि तो तिथलाच असतो: नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वांग्याची नाहीतर वालाची भाजी, गावठी कोंबडीचा रस्सा. अकोले तालुक्याचा काळभात मिळाला तर जरूर खा. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. जेवताना नातवंडांना हे सांगितलंत तर ताटातल्या भाताकडे ती जरा वेगळ्या नजरेने बघतात, निदान पहिल्या घासापर्यंत.

मावशींना आदल्या दिवशी आकडा सांगताना नुसते "तीस" म्हणू नका. मोठी किती, मुलं किती, मांसाहारी किती, उपासाचं कुणी आहे का आणि कांदा-लसूण न खाणारं कुणी आहे का, हे नीट सांगा. ज्येष्ठांसाठी आणि छोट्यांसाठी एक भांडं मऊ खिचडीचं किंवा वरणभाताचं, बिनतिखटाचं, साडेसातलाच तयार हवं. मोठ्यांची पंगत साडेनवाला बसली तरी चालते. मधुमेहींची गोळी जेवणाच्या वेळेला बांधलेली असते, त्यांना "आत्ता होईलच" म्हणून ताटकळत ठेवू नका.

नाश्ता मात्र आम्ही आमच्याकडे ठेवतो आणि तो पुरुषांनी करायचा असतो. तीस माणसांना पोहे अडीच ते तीन किलो लागतात. जावईबुवांनी कांदा चिरायचा. पहिल्या वर्षी आत्याला हे फार लागलं होतं, "जावयाला कामाला लावता?" असं म्हणत ती दोनदा उठली. तिसऱ्या वर्षी तीच त्यांच्या फोडी जाड आहेत म्हणून सांगत होती.

कोजागिरीची रात्र

सगळ्या बेताचा गाभा हा, म्हणून यावर वेळ घालवा.

तीस माणसांना आठ लिटर म्हशीचं दूध पुरतं. आटून ते सहाच्या आसपास येतं आणि एक पेला सगळ्यांना, दुसरा मागणाऱ्यांना मिळतो. दूध गावातूनच मिळतं पण दोन दिवस आधी सांगावं लागतं. कोजागिरीला सगळ्यांनाच दूध हवं असतं. साखर लिटरला ऐंशी ते शंभर ग्रॅम. बदाम पाव किलोला थोडे कमी, पिस्ते त्याच्या निम्मे, मूठभर चारोळी, बारा-पंधरा वेलदोडे, दोन चिमटी केशर आणि अर्धं जायफळ. जायफळाचा हात आखडता ठेवा. सुकामेवा आणि वेलदोडा घरूनच कुटून, डब्यात भरून न्या, तिथे खलबत्ता शोधत बसायला लागतं.

पातेलं जाड बुडाचं आणि दुधाच्या दुप्पट मापाचं हवं. तळाशी एक बशी पालथी टाकली की दूध लागत नाही. चुलीवर आटवणार असाल तर साडेसहालाच चढवा. आठ लिटर दूध चुलीवर दोन तास घेतं, आणि ढवळणारा माणूस दर वीस मिनिटांनी बदला. हे ढवळण्याचं काम चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना द्या. त्या वयाची मुलं अशा ठिकाणी कोपऱ्यात फोन धरून बसतात, पण हातात मोठा डाव आणि समोर जाळ असला की उठत नाहीत. साखर घालायच्या आधी मधुमेहींचं दूध वेगळ्या भांड्यात काढा आणि त्या भांड्यावर चिठ्ठी लावा. दूध न पचणाऱ्यांसाठी मठ्ठा.

चंद्राला नैवेद्य दाखवला की आमच्याकडे आश्विनी असते, म्हणजे घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. एरवी हे आपापल्या घरी होतं. इथे चार पिढ्या एकत्र असल्यामुळे प्रत्येक शाखेतलं थोरलं पोर रांगेत बसतं. पाटांऐवजी खुर्च्या ठेवा, थोरल्यांमधले निम्मे साठीपुढचे असतात. आजी स्वतः तिच्या माहेरची थोरली. तिला ओवाळणारं माहेरचं कुणी उरलेलं नाही, म्हणून गेल्या वर्षी तिच्या सात वर्षांच्या पणतीने ओवाळलं. औक्षणाच्या तबकातली निरांजनं वाऱ्याने विझतात, काचेच्या चिमण्या किंवा उंच कडांचं तबक न्या. शाली आणि कानटोप्या दुपारीच काढून ठेवा, नऊनंतर धरणाकडून येणारा गारवा बोचतो.

परदेशातल्यांना जोडून घ्यायचं असेल तर रात्री दहाला करा. तेव्हा न्यूयॉर्कला दुपारचे साडेबारा आणि लंडनला साडेपाच वाजलेले असतात. त्यांच्याकडे चंद्र नसतोच, आपण आपला दाखवायचा. फोन एकाच माणसाच्या हातात ठेवा आणि वीस मिनिटांत संपवा. नाहीतर तीस माणसं पाळीपाळीने "काय मग, कसं काय?" एवढंच विचारतात.

स्पीकर लावू नका. रात्री दहानंतर कायद्यानेही बंदी आहे आणि हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. तसंही भेंड्या लागल्यावर स्पीकरची गरज पडत नाही. आत्याला एकोणीसशे पन्नासपासूनची सगळी गाणी येतात.

दोन दिवसांचा बेत, मोकळा ठेवून

आमचा बेत कागदाच्या एका बाजूवर मावतो. शनिवारी बाराच्या आत पोचायचं, जेवायचं, झोपायचं. साडेचारला सगळ्यांनी तलावाकाठी. रात्री कोजागिरी. रविवारी दहाला रतनवाडी, एकला जेवण, अडीचला निघायचं. बस्स. याहून जास्त काही घातलंत की दर दोन तासांनी "चला, आवरा, गाडीत बसा" सुरू होतं आणि बसायला वेळ मिळत नाही.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर हे एकच ठिकाण आम्ही सगळे मिळून बघतो, कारण तिथे ऐंशीच्या आजीलाही जाता येतं. दगडी कोरीव काम असं की मुलंही थबकतात, जवळच पुष्करणी आहे, मागे रतनगडाचा कातळ. शेंडीहून मुतखेलमार्गे जा आणि त्याच रस्त्याने परत या. घाटघर आणि साम्रद करत तलावाला पूर्ण वळसा घालायचा मोह होतो. तरुणांच्या गाडीने तो जरूर घालावा, लहान मुलांच्या गाडीने नाही. रंधा धबधबा वाटेत होण्यासारखा आहे, पण तिथे कठड्याच्या आतूनच बघायचं. नदीत उतरायला बघणाऱ्या काकांना धरून ठेवा. सांदण दरी या बेतात बसत नाही.

कळसूबाईचं काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर, आणि बारी गाव हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पुतण्यांचे पाय शिवशिवतात. पण चढायला तीनेक तास, उतरायला दोन, लोखंडी शिड्यांवर शनिवार-रविवारी रांगा. म्हणजे अर्धा दिवस गेला. आमचा तोडगा असा: ज्यांना चढायचं आहे त्यांनी शुक्रवारी रात्री येऊन मुक्काम करावा आणि शनिवारी पहाटे चढून जेवणाला हजर व्हावं. रविवारी नाही. रविवारी सगळे पडवीत हवेत.

डोंगरात जाणाऱ्यांनी अत्तर-सेंट फासू नये आणि कड्यांखाली धूर करू नये, या दिवसांत आग्यामोहोळं असतात. गवतातून आल्यावर मुलांचे पाय आणि मांड्या तपासा, गोचीड चिकटते. रात्री संडासाला जाताना बॅटरी हवीच, पावसाळ्यानंतर साप घराजवळ येतात.

औषधांचा कागद

प्रत्येक ज्येष्ठाच्या पिशवीत एक कागद: आजार कोणते, गोळ्या कुठल्या आणि किती वाजता, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर. त्याचा फोटो घराण्यातल्या दोन तरुणांच्या फोनवर. गोळ्या दोन दिवसांच्या नव्हे, चार दिवसांच्या न्याव्यात. रात्री जवळचा कुठला दवाखाना उघडा असतो ते यजमानांना पोचल्या-पोचल्या विचारा. रुग्णवाहिकेचा नंबर 108. एक गाडी रात्री मोकळी, दाराकडे तोंड करून उभी ठेवा आणि तिचा ड्रायव्हर कोण हे आधीच ठरवा. त्या माणसाने त्या रात्री फक्त दूधच प्यायचं. श्रवणयंत्राच्या जादा बॅटऱ्या विसरू नका. एका वर्षी मोठ्या काकांच्या संपल्या आणि ते दीड दिवस नुसते हसत बसले होते.

गोष्टी काढून घ्यायच्या युक्त्या

"आजी, जुनं काहीतरी सांग ना" असं म्हटलं की आजी म्हणते, "काय सांगू? तसं काही नाही." वस्तू हातात दिली की मात्र बोलते. म्हणून प्रत्येक घराने एक वस्तू आणायची असा नियम करा: अडकित्ता, जुनं रेशनकार्ड, लग्नपत्रिका, पितळी डबा. गेल्या वर्षी एका काकूने तांब्याचं घंगाळ आणलं आणि त्यावर कोरलेल्या नावाची बाई कोण यावर दोन तास गेले. निघालं असं की आजोबांना एक थोरली बहीण होती आणि तिचं नाव घरात पन्नास वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

जुने फोटो आणा, मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने नावं लिहा. बॉलपेनने नको, पुढे उमटतं. वंशावळीसाठी पांढरी चादर आणि कापडावर लिहायचं पेन घ्या. चादर पडवीत अंथरली की दहा मिनिटांत सगळे भोवती बसतात आणि वादाला सुरुवात होते. सुनांची माहेरची नावं आणि मुलींच्या शाखाही लिहा. जुन्या वंशावळींत त्या नसतात आणि मग दोन पिढ्यांनी कुणी कुणाचं नातं सांगू शकत नाही. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर फोन उशीखाली नको, उशीवर ठेवा, आणि आजीला सांगून ठेवा.

एक विषय बंद: सातबारा. जमिनीची वाटणी, कोर्टातली तारीख, गावच्या घराचं छप्पर कुणी घालायचं, यातलं काहीही या दोन दिवसांत काढायचं नाही. आम्ही त्यासाठी डबा ठेवला आहे, विषय काढणाऱ्याने शंभर रुपये टाकायचे. दुसऱ्या वर्षी डब्यात अकराशे जमले, त्यातले सातशे एकट्या धाकट्या काकांचे. ते पैसे स्वयंपाकाच्या मावशींना दिले.

फोटो आणि निघणं

सगळ्यांचा फोटो रविवारी सकाळी नऊला, नाश्त्यानंतर लगेच. दुपारी ऊन डोळ्यांत येतं, बाळं झोपेला आलेली असतात आणि निघताना कुणी ना कुणी आधीच गेलेलं असतं. ज्येष्ठांच्या खुर्च्या आधी मांडा, त्यांना शेवटी बसवा. फोन टायमरवर लावा, म्हणजे फोटो काढणारा फोटोबाहेर राहत नाही. मावशींनाही बोलवा.

दोन मोठ्या पिशव्या कचऱ्यासाठी. प्लॅस्टिक परत घोटीपर्यंत न्यायचं. उरलेली साखर, पोहे, चहा मावशींना विचारून द्या, न विचारता स्वयंपाकघरात सोडून येऊ नका. अडीचला निघालात तर अंधाराच्या आत महामार्गावर लागाल. तीनला निघू म्हणणारे साडेचारला निघतात.

हिशेबाची वही बुधवारपर्यंत ग्रुपवर टाका, फोटो काढून, पानं जशीच्या तशी. आणि गाड्या सुटायच्या आधी पडवीतच पुढच्या वर्षीचा कर्ताकरविता नेमा, यंदाचा सोडून दुसरा. यंदा ते माझ्या पुतणीवर आलं. ती तेवीस वर्षांची आहे. निघण्यापूर्वी तिने यजमानांना पहिला प्रश्न विचारला तो पायऱ्यांचा.